माचा गुठळ्या धरतो, कडू लागतो, रंग उतरतो : दोष नेमका कुठे आहे ते शोधायचा क्रम

लक्षणं आधी. कपात हिरव्या गोळ्या तरंगतात, दाताखाली फुटल्या की आतून कोरडी पूड निघते. पहिला घोट कडू लागतो आणि मागून जीभ तुरट ओढते. रंग हिरवागार न येता शेवाळी किंवा पिवळट येतो, क्वचित राखाडी. फेस धरत नाही, किंवा धरतो आणि दूध पडताच बसतो. वास ताज्या पाल्याचा यायला हवा, त्याऐवजी कडब्याचा येतो. दूध घातल्यावर कडेला बारीक कण दिसतात, दूध फाटल्यासारखे. आणि दोन-तीन मिनिटांत सगळा साका तळाशी.

यातला शेवटचा प्रकार दोष म्हणून धरूच नका. माचा पाण्यात विरघळत नाही. चहाच्या झुडपांवर तोडणीआधी साधारण तीन आठवडे सावली धरतात, मग पानं वाफवून, वाळवून, देठ आणि शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. ती पूड म्हणजे माचा. एक जातं तासाला जेमतेम ४० ग्रॅम दळतं, इतकं ते काम हळू चालतं, कारण जोरात दळलं तर पूड तापते आणि वास जातो. कण इतके बारीक असतात की फेटल्यावर ते पाण्यात काही वेळ तरंगत राहतात, मग खाली बसायला लागतात. कप ठेवून दिला तर साका बसणारच. एकदा ढवळा आणि प्या. साका फेटल्या फेटल्या, अर्ध्या मिनिटात बसत असेल तरच तो दोष आहे, आणि तो पुडीचा आहे. ते शेवटी बघू.

आपल्या चहात पूड उकळून अर्क काढायचा आणि चोथा गाळून टाकायचा. माचात चोथाच प्यायचा असतो. घरी माचा बिघडतो त्यातले बहुतेक दोष याच फरकातून येतात: हात चहाच्या सवयीने चालतो, पाणी खळखळ उकळतं, पूड वरून टाकली जाते, दूध त्यातच ओतून पुन्हा गॅसवर चढतं. म्हणून महागडा डबा बदलण्याआधी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसा लागत नाही.

सगळ्यांत आधी एक साधा कप

दूध, साखर, गूळ, बर्फ सगळं बाजूला ठेवा. २ ग्रॅम माचा, ७० मिली पाणी, सुमारे ७८ अंश, बस्स. हा एक कप करून बघितल्याशिवाय पुढचं काहीही बदलू नका, कारण अर्धा शोध इथेच संपतो. साधा कप चांगला लागला, पण दुधातला बिघडतो, तर दोष दुधात, गोडात किंवा फळात आहे. पूड आणि पद्धत ठीक आहे. साधा कपच बिघडला तर दुधाकडे बघायचं कारणच नाही.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणी, गाळणी आणि पूड एकदम बदलली तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही आणि पुढच्या खेपेला दोष पुन्हा येतो.

पाणी किती गरम

कडवटपणाची तक्रार असेल तर इथूनच सुरुवात. चहातली कडू-तुरट द्रव्यं, म्हणजे कॅटेचिन आणि कॅफीन, पाणी जितकं गरम तितकी झपाट्याने बाहेर येतात. माचाला गोडसर, भरीव चव देणारं थिॲनीन मात्र कोमट पाण्यातही सुटतं. उकळत्या पाण्याने कडूपणा पुढे येतो, गोडसरपणा मागे राहतो आणि रंगही लवकर मळतो. ७० ते ८० अंश ही योग्य जागा. ६०च्या खाली गेलं तर कडूपणा कमी होतो खरा, पण फेस नीट धरत नाही.

उंचीमुळे पाणी लवकर उकळतं म्हणून चालून जाईल, असं समजू नका. सांगलीत आणि साताऱ्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, ९५-९६ अंशांना. माचासाठी तिन्ही ठिकाणी ते जास्तच आहे.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. खळखळ उकळलेलं ५० मिली पाणी आणि फिल्टरचं साधं २० मिली पाणी एकत्र केलं की ७७-७८ अंश येतं. दुधाच्या माचासाठी कमी पाणी लागतं, तेव्हा ३० मिली उकळतं आणि १० मिली साधं. साधं पाणी मोजायला खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं प्लॅस्टिकचं माप पुरतं, त्यावर ५ आणि १० मिलीच्या खुणा असतात. साधं पाणी आधी भांड्यात घ्या, उकळतं वरून ओता, आणि मगच ते पुडीवर. उलटं केलं, म्हणजे पुडीवर आधी उकळतं पाणी पडलं, तर मागून गार पाणी घालून काही दुरुस्त होत नाही.

मोजायचं नसेल तर उकळतं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओता. दर ओतण्याला साधारण ८-१० अंश उतरतात, म्हणून दोनदा ओतलं की काम झालं. डिसेंबर-जानेवारीत वाई, पाचगणीकडे भांडंच इतकं गार असतं की ते एकटंच पाच-सात अंश खाऊन टाकतं. तेव्हा भांडं आधी गरम पाण्याने विसळून, कोरडं पुसून घ्या.

पूड कालवली का, की वरून टाकली

गुठळ्यांचं मूळ नव्वद टक्के इथे असतं. पिठल्यासाठी डाळीचं पीठ थेट आधणात कोणी टाकत नाही, आधी वाटीत थोड्या पाण्यात कालवून घेतात. माचाचंही अगदी तसंच. भांड्यात कोरडी पूड घ्या, त्यावर फक्त १०-१५ मिली पाणी, आणि चमच्याच्या पाठीने भांड्याच्या कडेला दाबत गुळगुळीत लापशी करा. चमचा उलटा करून बघा: थर चकचकीत, एकसारखा गडद हिरवा दिसला पाहिजे. त्यात फिकट ठिपका दिसला तर आत कोरडी पूड आहे, तो तिथेच चिरडा. नंतर उरलेलं पाणी.

हे का लागतं? इतक्या बारीक पुडीच्या गोळीला बाहेरून पाणी लागलं की वरचा थर फुगून चिकट होतो आणि आतल्या पुडीपर्यंत पाणी जाऊच देत नाही. मग कितीही फेटा, गोळी फिरत राहते, फुटत नाही. भरपूर पाण्यात तिला दाबायला काही आधारही नसतो.

दूध किंवा गार पाणी कोरड्या पुडीवर थेट ओतणं हा याचाच दुसरा प्रकार. दुधातली स्निग्धता कणांना पांघरूण घालते आणि पूड वर तरंगते. दुधाचा माचा करायचा असला तरी आधी पाण्यात लापशी, मग दूध. गोड लागणार असेल तर आणखी सोपी युक्ती आहे: एक चमचा पिठीसाखर कोरड्या माचातच मिसळा. साखरेचे कण मध्ये आल्याने पूड एकमेकीला चिकटत नाही आणि गुठळी जवळजवळ होतच नाही.

गाळणी

कालवूनही बारीक दाणे राहत असतील तर चाळून घ्या. माचाला स्थिर विजेमुळे आपोआप गोळ्या होतात. त्यात पुडीचा दोष नाही, उलट पूड बारीक असल्याची ती खूण आहे. चहाची बारीक जाळीची स्टीलची गाळणी पुरते. मात्र ती माचासाठी वेगळीच ठेवा. रोजच्या चहाच्या गाळणीत आलं-वेलदोड्याचा वास मुरलेला असतो आणि तो एका चाळण्यात पुडीत उतरतो. मैद्याची चाळण चालेल, पण दोन ग्रॅमसाठी ती फार मोठी, पूड जाळीलाच चिकटून वाया जाते.

गाळणी पूर्ण कोरडी हवी. कोरड्या चमच्याच्या पाठीने पूड हलके दाबत खाली पाडा. इथेच एक निदान हाताशी येतं, नीट बघा. स्थिर विजेची गोळी बोट लागताच भुकटी होऊन पडते. ओल धरलेली गोळी पडत नाही, जाळीवर सारवली जाते आणि हिरवा लगदा मागे राहतो. दुसरा प्रकार दिसला तर पुढे साठवणीचा भाग आधी वाचा.

लागेल तेवढीच पूड त्या वेळी चाळा. अख्खा डबा एकदम चाळून ठेवला तर सगळ्या पुडीला हवा लागते, आणि चार दिवसांत गोळ्या परत.

माप

जपानी पद्धतीच्या पातळ माचाला २ ग्रॅम पूड आणि ६० ते ८० मिली पाणी. घट्ट प्रकाराला ४ ग्रॅम आणि ३०-४० मिली. तो उत्तम पुडीचाच करावा, साधी पूड तितकी घट्ट केली तर पिववत नाही. दुधाच्या गरम माचाला २ ग्रॅम, ४० मिली पाणी, १५० मिली दूध. बर्फाच्या माचाला ३ ग्रॅम, ५० मिली पाणी, १५० मिली गार दूध, कारण गारव्यात चव दबते आणि बर्फ वितळून पातळही होतं.

घोळ होतो तो चमच्याने. ५ मिलीच्या मापी चमच्यात चाळलेला माचा सपाट भरला की साधारण २ ग्रॅम येतो. आपण घरात ज्याला चहाचा चमचा म्हणतो तो शीग लावून भरला तर त्याच्या दुप्पट जातो. मग कप कडू लागणारच, आणि नाव मात्र पुडीचं खराब. वजनकाटा नसेल तर डब्यावरून हिशेब करा: ३० ग्रॅमच्या डब्यातून २ ग्रॅमचे १५ कप निघायला हवेत. सात-आठ कपांतच डबा संपत असेल तर दोष सापडला.

भांडं आणि पाण्याचा गुण

रंग राखाडी किंवा काळपट येत असेल तर लोखंड शोधा. चहातल्या तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संयोग झाला की काळसर रंग धरतो. गंजलेली गाळणी, लोखंडी पळी, किंवा लोह जास्त असलेलं बोअरचं पाणी, तिन्हींनी हेच होतं. कल्हई गेलेलं पितळेचं किंवा तांब्याचं भांडंही नको. स्टीलचा वाडगा, काच किंवा चिनी माती उत्तम. भांड्याचा तळ रुंद असावा. उंच, अरुंद पेल्यात फेटायला हात फिरत नाही.

फेस धरत नसेल तर भांड्याला तेलाचा ओशटपणा किंवा साबणाचा अंश आहे का बघा. गरम पाण्याने दोनदा विसळणं एवढाच उपाय.

आता पाणी. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंतच्या बोअरच्या पाण्यात क्षार चांगलेच असतात, आणि कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या विहिरींचंही तेच. जड पाण्यात चव सपाट होते, रंग मळतो आणि वर पातळ तेलकट दिसणारा पापुद्रा येतो. तो तेलाचा नसतो, पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं मिळून तो होतो. पारख सोपी आहे: किटलीच्या तळाला पांढरा थर असेल आणि साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड. विकतच्या जारच्या किंवा आरओच्या पाण्याने एक साधा कप करा. फरक लगेच कळतो. आरओ मशिनवर टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा दिसत असेल तर ५० ते १५० च्या दरम्यानचं पाणी माचाला चांगलं.

किटलीतला पांढरा थर काढायला १ लिटर पाण्यात २ चमचे लिंबूसत्व घालून उकळा, वीस मिनिटं तसंच ठेवा, ओतून टाका. त्यानंतर साधं पाणी दोनदा उकळून फेका. हे दोनदा उकळणं टाळलं तर लिंबूसत्वाचा अंश राहतो, आणि पुढच्या कपाचा रंग उतरतो, दूधही फाटतं. आम्ल लागलं की पानातला हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो, त्याला परतीचा मार्ग नाही.

फेटणं

बांबूची फेटणी असेल तर वापरण्याआधी तिची टोकं दोन मिनिटं कोमट पाण्यात भिजत ठेवा. कोरड्या काड्या ठिसूळ असतात, मोडतात आणि कपात येतात. फेटताना गोल ढवळू नका; मनगट सैल ठेवून, फेटणी तळाला न टेकवता, इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात पुढे-मागे झपाझप, १५ ते २० सेकंद. शेवटी वरच्या वर हलकं फिरवून मोठे बुडबुडे मोडा. गोल फिरवलं की पाणी नुसतं भोवऱ्यासारखं फिरतं, त्यात हवा शिरत नाही.

धुताना साबण नको, नुसतं कोमट पाणी, आणि टोकं खाली न दाबता उभी वाळवायची. पावसाळ्यात, विशेषतः कोयना, महाबळेश्वर, पाटणच्या बाजूला, बांबूवर काळे ठिपके येतात. ती बुरशी आहे. घासून, उन्हात ठेवून परत वापरायचा मोह आवरा, फेटणी टाकून द्या.

बांबूचीच हवी असं नाही. कॉफी फेटायची बॅटरीवरची फेटणी गुठळ्या मोडायला उत्तम. फेस जरा जाड बुडबुड्यांचा येतो, चवीत फरक पडत नाही. मात्र लापशी करून मगच ती चालवा, कोरड्या पुडीवर चालवली तर हिरवा धुरळा ओट्यावर. घट्ट झाकणाच्या बाटलीत गार पाण्याबरोबर २०-३० सेकंद हलवूनही छान होतं. ताकाची रवी मिसळायला चालते, पण तिच्या पात्यांमधलं अंतर मोठं, बारीक फेस येत नाही. गरम माचा बंद बाटलीत हलवू नका आणि मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवू नका. आत वाफ कोंडून झाकण उडतं, हात भाजतो.

साधा कप चांगला, दुधातला बिघडतो

आधी दूध एकटंच तापवून बघा. सकाळचं दूध उन्हाळ्यात दुपारपर्यंत बाहेर राहिलं असेल तर ते फाटायच्या काठावर असतं, आणि माचातली तुरट द्रव्यं दुधातल्या प्रथिनांना धरतात तेव्हा उरलेलं काम पुरं होतं. ताज्या दुधात हे एरवी जाणवत नाही.

दूध आणि माचा एकत्र उकळू नका. दूध वेगळं, ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवा, म्हणजे पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागतात आणि बोट क्षणभर टेकवता येतं तिथपर्यंत. मग फेटलेल्या माचात ते ओता.

आपल्याकडचं म्हशीचं दूध दाट, सायीचं. सायीचे तुकडे पूड धरतात आणि कपात हिरवे ठिपके दिसतात. पुष्कळदा त्यालाच गुठळी समजून पुडीला दोष दिला जातो. साय काढा, दूध गाळा, १२० मिली दुधात ३० मिली पाणी घाला. चवही मोकळी लागते. गाईचं किंवा पिशवीतलं टोण्ड दूध असेल तर पाणी नको. फेस दुधानंतर बसतो ही तक्रार दाट दुधाचीच: दुधावेगळा फेटा, दूध भांड्याच्या कडेने सावकाश ओता.

गूळ घालायचा तर हात जपून. गरम दुधात गूळ पडला की दूध फाटतं हे गुळाच्या चहामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. माचात तो धोका तसाच, शिवाय गडद गुळाने हिरवा रंग मातकट होतो. गुळाचा घट्ट पाक करून गार करा आणि गार दुधाच्या माचात १०-१५ मिली घाला. गरम कपाला साखरच बरी. रंगावर जीव असेल तर गुळाच्या वाटेला जाऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम असेल, तर स्ट्रॉबेरी-माचा करण्यासारखा आहे, पण तो गारच. स्ट्रॉबेरी चांगलीच आंबट असते, गरम दुधात पडली की दूध फाटलंच समजा. ५० ग्रॅम पिकलेली स्ट्रॉबेरी १० ग्रॅम साखर घालून काट्याने चेचा, दहा मिनिटं ठेवा, पाणी सुटू द्या. उंच ग्लासात आधी ती, मग चार-पाच बर्फाचे खडे, १५० मिली थंडगार दूध कडेने, आणि शेवटी ३ ग्रॅम माचा ५० मिली पाण्यात फेटून बर्फावरून. साखरेमुळे खालचा थर जड राहतो, थर सुटे दिसतात. करून ठेवायचा प्रकार नव्हे. अर्ध्या तासात दुधाला कण येऊ लागतात. लिंबू घालायचं असेल तर दूध पूर्ण वगळा.

साठवण

रंग पिवळट आणि वास कडब्याचा, तर पुडीला ऊन, उष्णता, हवा किंवा ओल यातलं काहीतरी लागलेलं आहे. ते परतवता येत नाही. पुढचा डबा वाचवता येतो.

दुष्काळी पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर ४० अंशांना टेकतं, आणि कुरिअरच्या गाडीत डबा त्याहून तापतो. मागवायचा तर शक्यतो थंडीत, २०-३० ग्रॅमचा लहान डबा. उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांत संपवा. काचेची पारदर्शक बरणी दिसायला सुंदर, माचाला वाईट. प्रकाशाने रंग उडतो. पत्र्याचा अपारदर्शक, घट्ट झाकणाचा डबा घ्या, आणि तो कांदा-लसूण मसाल्याच्या, हिंगाच्या शेजारी ठेवू नका. ही पूड आजूबाजूचा वास ओढून घेते.

फ्रिजमध्ये ठेवला तर बाहेर काढल्यावर अर्धा तास झाकण उघडू नका. गार डबा लगेच उघडला की हवेतली वाफ पुडीवर पाणी होऊन बसते, आणि पावसाळ्यात हे रोज घडलं तर आठवड्यात पूड ओली. रोज काढ-घाल टाळायला आठवड्यापुरती पूड एका छोट्या डबीत काढा. चमचा कोरडा असू द्या.

ओलसर झालेली पूड उन्हात किंवा तव्यावर वाळवू नका, राहिलेला रंगही जातो. बुरशीचा वास नसेल तर नानकटाईत, केकमध्ये संपवा. बुरशीचा वास आला तर फेका.

पूडच माचा आहे का

इथपर्यंत सगळं नीट असूनही साधा कप वाईट, तर आता पुडीकडे. वेष्टनावरचे घटक वाचा. तिथे माचा किंवा हिरव्या चहाची पूड एवढंच हवं. साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, दूध पावडर, रंग लिहिलं असेल तर ते तयार मिश्रण आहे, त्याला वरची मापं लागू नाहीत. नुसता ‘ग्रीन टी पावडर’ बहुधा सावली न धरलेल्या साध्या पानांचा असतो: जाडसर, जास्त कडू, लवकर तळाशी बसणारा. ‘सेरेमोनियल’ हा शब्द विक्रीचा आहे, त्यामागे कुठलाही सरकारी दर्जा नाही. मूळ देश, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक मात्र असायलाच हवा.

चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर ठेवून बोटाने जोरात ओढा. बारीक माचाचा सलग, मऊ, दाट पट्टा उमटतो. जाड पूड तुटक रेघ काढते आणि बोटाखाली खरखरते. मग ग्लासभर गार पाण्यावर थोडी पूड शिंपडा, हलवू नका. पाणी काही क्षणांत स्वच्छ, पारदर्शक हिरवं होऊ लागलं तर मिसळलेल्या रंगाची शंका घ्यावी. माचाचं पाणी धुरकट होतं. ही फक्त शंका आहे, पुरावा नाही. २०२४ पासून जगभर माचाची मागणी वाढून उत्तम पूड टंचाईची आणि महाग झाली आहे, तेव्हा फारच स्वस्त मोठं पाकीट दिसलं तर हा तपास आधी करा.

सगळं बरोबर करूनही थोडा कडवटपणा आणि पाल्यासारखी चव राहते. ती माचाची स्वतःची चव आहे, ती घालवायला जाऊ नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

किटलीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, लावताच घराचा स्विच पडत असेल किंवा वायर तापत असेल तर प्लग काढा आणि ती इलेक्ट्रिशियनकडे द्या. घरी खोलू नका. माचाला लागणारं पाणी गॅसवरही तापतं.

जारच्या पाण्याने कप सुधारला आणि घरात पिण्याला तेच बोअरचं पाणी असेल, तर ते पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. तो प्रश्न माचापुरता राहत नाही.

रंगाची भेसळ वाटली तर पूड पिणं बंद, पाकीट आणि बिल जपून ठेवा, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार करा. घरगुती चाचण्या करत बसून निकाल लागणार नाही.

माचा प्यायल्यावर छातीत धडधड, हाताला कंप, झोप न येणं किंवा मळमळ होत असेल तर कृती बदलून उपयोग नाही, माचाच थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. २ ग्रॅम पुडीत साधारण ४० ते ८० मिलिग्रॅम कॅफीन असतं. गरोदरपणात दिवसभरातलं सगळं कॅफीन, चहा-कॉफी धरून, २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, म्हणून तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरूच करू नका. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असणाऱ्यांनीही आधी विचारावं, कारण अख्खं पान पोटात जातं आणि पानात के जीवनसत्त्व असतं. रक्त कमी असेल, लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर चहातली तुरट द्रव्यं लोह शोषू देत नाहीत. जेवण किंवा गोळी आणि माचा यात निदान एक तास जाऊ द्या, आणि हिमोग्लोबिन वाढतच नसेल तर माचा घेतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.